इतिवृत्तात न बसलेला आकडा

ल्यूइस बेटाच्या पश्चिम टोकाला नोव्हेंबरात
साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
सभागृहात एक हीटर, समितीचे चौघे,
आणि इन्व्हरनेसहून आलेल्या सल्लागार लिडलबाई;
त्यांच्या बुटांवर अजून बोटीवरचं मीठ.
मी इतिवृत्त लिहिते. मला मत नसतं.

विषय: बारा खोल्यांचं वृद्धनिवास.
काय बांधायचं, ते ठरलंय.
कुणी बांधायचं, ते अजून दूर आहे.
मधलंच काहीतरी ठरवायचं होतं आज:
काम द्यायचं कसं.

बाईंनी तीन कागद मांडले, पत्ते मांडावेत तसे.
पहिला: सगळं आधी काढा, शेवटच्या खिळ्यापर्यंत,
मग निविदा मागवा, सर्वांत स्वस्त त्याला द्या.
दुसरा: आराखडा, बांधकाम, सगळं एकाच्याच हवाली,
एक किंमत, एक सही, धरायला एकच मान.
तिसरा: आराखडा कच्चा असतानाच
बांधणाऱ्याला टेबलाशी बसवा,
त्याच्या वह्या उघड्या, आपल्याही उघड्या,
किंमत मागाहून, दोघांनी मिळून.

“थोडक्यात,” रोरी बेथ्यून म्हणाला (खजिनदार तो),
“खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं
ते आधीच लिहून ठेवायचं.”
बाई हसल्या. “जोखीम म्हणतात त्याला,” म्हणाल्या,
पण नाही म्हणाल्या नाहीत.

मग टॉरमॉडने पोहण्याच्या तलावाची गोष्ट काढली.
काढणारच होता.
सर्वांत स्वस्त निविदा, बारा वर्षांपूर्वीची.
फेब्रुवारीत कंपनी बुडाली;
तलावात पाणी यायच्या आत
तीच बुडाली, म्हणतो तो प्रत्येक वेळी,
आणि आम्ही प्रत्येक वेळी हसतो.
परांची दोन हिवाळे उभी होती.
वाऱ्यात तिच्या नळ्या शिट्ट्या घालायच्या रात्रभर,
शेजारच्या कुत्र्याने भुंकणं सोडून दिलं शेवटी.

मुर्डिना मॅकऑले तोवर गप्प होती.
पर्समधून तिने शिवणाची टेप काढली,
टेबलावर ठेवली, कुणी मागितली नसताना.
“खिडकी,” म्हणाली.
“खिडकीबद्दल माझं मत मागाहून बदललं तर?
कुठल्या कागदात चालतं ते?”

बाईंनी चष्मा काढला.
पहिल्यात चालतं, पण प्रत्येक बदलाचं बिल येतं.
दुसऱ्यात आजच सांगा,
सहीनंतर खिडकी त्याची.
तिसऱ्यात सांगता येतं बरेच दिवस,
अगदी शेवटपर्यंत मात्र नाही.

“मग आजच सांगते. ब्याऐंशी.
माझा नवरा पडून असतो, दोन उशा पाठीशी.
त्याच्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत
ब्याऐंशी सेंटिमीटर. तीनदा मोजलं.
खिडकीचा उंबरठा त्याच्याखाली हवा.
नाहीतर चाळीस वर्षं मासे पकडलेल्या माणसाला
नुसतं आभाळ दिसेल.”

हीटर टकटकत राहिला.
बाईंनी तिन्ही कागदांच्या कडेला
पेन्सिलीने ८२ लिहिलं.
तिन्हींच्या. मी पाहिलं.

मतदान: तिसऱ्याच्या बाजूने तीन, विरोधात एक.
विरोधातला टॉरमॉड.
“उघडी वही म्हणजे काय,
एक खण उघडा टाकून दुसऱ्याला कुलूप लावणं
मलाही येतं.” तेही मी लिहिलं,
त्याच्याच शब्दांत, कारण त्याने बजावलं तसं.
घर पाहावं बांधून म्हणतात;
बांधायच्या आधीच एवढं पाहून झालं होतं आमचं.

ब्याऐंशीसाठी मात्र रकाना नव्हता.
ठरावात बसेना, खर्चात बसेना,
‘इतर’मध्ये लिहायला हात धजेना.

संध्याकाळची उल्लापूलची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली.
बाईंना रात्री टॉरमॉडनेच घरी नेलं;
विरोध सभागृहापुरता होता.

सकाळी त्या माझ्याकडे सही करायला आल्या,
केस ओले, हातात टोस्टचा तुकडा.
“त्याच्या पाहुण्यांच्या खोलीतली खिडकी,”
म्हणाल्या, “शंभरच्या वर आहे.
उठून बसेपर्यंत मला वाटत होतं,
समुद्र नाहीच या बाजूला.”